तेलाच्या वाटीतला इतिहास

आपल्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांना एक खोड आहे. लढाई संपली की ते लेखणी पुसून ठेवतात. कोण पडलं, कोण पळालं, किती घोडी पाडाव झाली, एवढं टिपून घेतलं की मंडळी पुढच्या लढाईच्या तयारीला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, हे कोणी सांगत नाही. १६६० च्या जुलैत भर पावसात, रात्रभर चिखल तुडवीत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या मावळ्यांच्या पोटऱ्यांची तिसऱ्या दिवशी काय अवस्था होती? महाराजांची पालखी ज्यांनी वाहिली, त्यांच्या खांद्यांना तेल कोणी लावलं? चौथीच्या पुस्तकात विशाळगडावर तोफांचे आवाज झाले की धडा संपतो आणि स्वाध्याय सुरू होतो. स्वाध्यायात गाळलेल्या जागा भरपूर असतात, पण पोटऱ्यांसाठी म्हणून एकही जागा गाळलेली नसते.

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध बँकेच्या सुट्ट्यांच्या यादीपुरता. पण आकड्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला एक सवय लागते. एका बाजूला रक्कम दिसली, की ती दुसऱ्या बाजूला कुठे पडली ते तो शोधू लागतो. इतक्या लढाया, इतक्या कुस्त्या, इतके गड चढणं-उतरणं, म्हणजे त्या मानाने अंग दुखणंही बख्खळ झालं असणार. मग ते अंग चोळून देणारे हात कुठल्या पानावर आहेत?

हा हिशेब डोक्यात शिरायला निमित्त झालं आमच्या शाखेच्या सहलीचं. रत्नागिरीत राहून रत्नदुर्ग पायी पाहिला नाही, ही गोष्ट एका बदलून आलेल्या साहेबांनी फारच मनावर घेतली. एका रविवारी आम्ही चौदा जण मिरकरवाड्याच्या बाजूने चालत निघालो. भगवतीचं दर्शन झालं, दीपगृहापर्यंत फेरी झाली. परतताना आमच्या हेडकॅशियरांनी पैज लावली, की खाली शेवटी पोचेल त्याने सगळ्यांना भजी द्यायची. पन्नाशी उलटलेली माणसं पायऱ्यांवरून उड्या मारीत उतरताना पाहून वर येणारे पर्यटक बाजूला उभे राहिले. बँक बुडाली की काय, अशी शंका त्यांना आली असावी.

सोमवारी सगळे ठणठणीत. हेडकॅशियर तर काउंटरवरून ओळखीच्या खातेदारांना सांगत होते, "अहो, कोकणातलं हाड आहे हे. ह्याला काय होतंय!" मंगळवारी त्या हाडाला काही झालं नव्हतं, पण हाडाभोवतीच्या सगळ्या ऐवजाने संप पुकारला होता. खुर्चीत बसताना "आई गं" आणि उठताना "अरे देवा", असा दोन दैवतांचा जप दिवसभर चालू होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या शिपायाने त्यांना रेकॉर्ड रूममध्ये नेलं. हा मूळचा कोल्हापूरकडचा, पोरवयात दोन वर्षं तालमीत काढलेला. खोबरेलाची बाटली घेऊन तो खाली बसला.

"सायेब, पाय ढिल्ला सोडा. आवळून धरलासा तर माझा अंगठा मोडंल."

पंधरा मिनिटांनी हेडकॅशियर बाहेर आले ते निदान माणसासारखे चालत आले. येता येता त्यांना काहीतरी आठवलं. रविवारी आमचे चौदा डबे आणि पाण्याचा जार ह्या गृहस्थानेच वर नेला होता आणि खालीही आणला होता. त्यांनी विचारलं, "काय रे, तुझे नाही दुखत पाय?"

"आमचं कुठलं दुखतंय सायेब? रोजचंच हाय की."

या प्रसंगातला मंगळवार फार महत्त्वाचा. सवय नसलेली मेहनत केली की दुखणं त्याच दिवशी येत नाही. एक रात्र मध्ये जाते, मग ते वाढत जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखराला पोचतं आणि चार-सहा दिवसांत ओसरतं. अगदी आमच्या कर्जखात्यासारखं. उचल आज, हप्ता परवा. अंगात लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून दुखतं, असं आपल्याला पूर्वापार सांगितलेलं असतं, पण ते ॲसिड बिचारं तासाभरात निघून गेलेलं असतं. मंगळवारच्या गुन्ह्याबद्दल रविवारी गाव सोडून गेलेल्या माणसाला धरण्यातला हा प्रकार. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच सुचवलं होतं, की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूंच्या आत बारीक बारीक फाटल्यामुळे येत असावं. पुढच्या संशोधनाने त्याच्याच बाजूने कौल दिला. शिवाय ही फाटाफाट चढताना कमी आणि उतरताना जास्त होते, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. म्हणजे भज्यांची पैज चढताना लावली असती, तर मंगळवार इतका वाईट गेला नसता. आणि शिपायाचं म्हणणंही शास्त्राला धरून होतं. अंगवळणी पडलेल्या कामाने स्नायू तितके दुखत नाहीत. आपल्या भाषेने हे "अंगवळणी" या एका शब्दात केव्हाच सांगून ठेवलं आहे.

आता उपायाकडे वळू. हाताने चोळावं, रगडावं, चेपावं, ही अक्कल माणसाला फार पूर्वीपासून आहे. चरकाने अंगाला तेल लावण्याचं महत्त्व सांगताना गाडीच्या आसाचा दाखला दिला आहे. वंगण घातलेला आस जसा टिकतो, तसं तेल जिरवलेलं शरीर टिकतं आणि कष्ट सोसतं. साहित्यिकांनी शरीराला मंदिर म्हटलं, संतांनी मातीचं भांडं म्हटलं. चरक मात्र थेट बैलगाडीपाशी गेला, आणि चाळिशीनंतर कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना हाच दाखला पटतो. त्याच्या मागून काही शतकांनी आलेल्या वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त दोन गोष्टी जवळजवळ सांगितल्या आहेत. पहिली, बलवान आणि तूप-तेल खाणाऱ्या माणसाने थंडीत व वसंतात व्यायाम करावा तो अर्ध्या शक्तीने, एरवी त्याहून कमी. दुसरी, व्यायाम झाल्यावर सुख वाटेल अशा बेताने सगळं अंग चोळावं. पहिल्या सूचनेचं पालन आमच्या कचेरीत बाराही महिने आणि सर्व कामांत होतं. दुसरीचं पालन वर्षातून एकदाच होतं, नरकचतुर्दशीला.

त्या पहाटे मात्र प्रत्येक मराठी घराचा आखाडा होतो. रत्नागिरीकडे आधी अंगणात पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, मग पाटावर बसायचं. वाटीत कोमट केलेलं तेल, उटणं आणि आईचा हात. वर्षभरात आपण केलेल्या सगळ्या अपराधांची वसुली त्या एका मालिशीत होते. पाठीवर पडणारा तो तळवा माया करतो आहे की हिशेब चुकता करतो आहे, हे कळू नये असा त्याचा जोर असतो. याच हातांनी, किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या म्हातारीच्या हातांनी, बाळंतिणीचं अंग चोळलं गेलं, बाळाचे पाय ओढून सरळ केले गेले. पिढ्यान् पिढ्या चाललेलं हे काम. त्यातल्या एका तरी म्हातारीचं नाव एखाद्या रस्त्याला दिल्याचं तुम्ही ऐकलं आहे काय?

मर्दानी मालिशीचं खरं विद्यापीठ म्हणजे तालीम. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने काय खावं, कसं न्हावं, कुठले खेळ पाहावेत, हे सगळं त्यात आहे आणि मल्लांना स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला असा आश्रय दिला, की गावाची ओळखच बदलली. १९०२ मध्ये ते विलायतेला गेले, रोममधलं कलोसियम त्यांनी पाहिलं, आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबागेचं मैदान उभं राहिलं. हौद्यातली लाल माती, तिच्यात मुरवलेलं तेल आणि ताक, पहाटेचे जोर, बैठका, लढती, मग खुराक. या सगळ्याच्या मध्ये मालीश असते. तिथे पैलवानाने कोणाला पैसे देऊन बोलवायचं नसतं. पठ्ठे एकमेकांना रगडतात, धाकटे थोरल्यांना रगडतात. हात पुरला नाही तर कोपर, कोपर पुरलं नाही तर पाय. रगडणाऱ्याचे दंड आणि मनगटंही त्यात तयार होतात. आमच्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीत एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याच्या जमा होत नाही. तालमीत मात्र एकाच व्यवहारात दोघांच्या खात्यात जमा होतं. ऑडिटरला हे पटणार नाही, पण वस्तादांना शतकानुशतकं पटत आलं आहे.

तालमीबाहेर मात्र नावे आणि जमा सरळ वेगवेगळे झाले. चोळून घेणारा गादीवर आणि चोळणारा जमिनीवर. गावगाड्यात हे काम न्हाव्याकडे होतं. हजामत, डोक्याचं तेल, अंग रगडणं आणि शिवाय लग्नकार्यातली शंभर कामं, सगळ्याचं मोल वर्षाकाठच्या बलुत्यात. या व्यवसायातल्या माणसाची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणजे संत सेना न्हावी यांची. महिपतींनी १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'त ती येते. राजाकडून बोलावणं आलं, सेना पूजेत बसलेले, उशीर झाला, राजा संतापला. तेव्हा पांडुरंग स्वतः सेनांचं रूप घेऊन, खांद्याला धोकटी लावून राजवाड्यात गेला. त्याने राजाची हजामत केली, अंगाला सुगंधी तेल चोळलं. राजाने तेलाच्या वाटीत पाहिलं तर आत चतुर्भुज मूर्ती! मान वर केली तर समोर नेहमीचा न्हावी.

ही कथा कीर्तनात ऐकताना आपण देवाच्या दयाळूपणावर मान डोलावतो. मला त्या राजाचं नवल वाटतं. सेना रोज येत होते, रोज तेच हात पाठीवरून फिरत होते. त्या दिवशी देव आला तेव्हा कुठे त्याने वाटीत डोकावून पाहिलं. एरवी चोळणाऱ्याचं तोंड पाहण्याचं कारण काय? चोळून घेणारा पालथा पडलेला असतो!

या समाजातली आणखी दोन नावं प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहेत. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांवरचा वार अडवणारे जिवा महाला, आणि १६६० मध्ये पन्हाळ्याखाली महाराजांचा वेष घेऊन मरणाला सामोरे गेलेले शिवा काशीद. दोघेही न्हावी समाजातले, असं परंपरा सांगते. एकाने जीव लावून लढाई केली, दुसऱ्याने जीव दिला, तेव्हा बखरीत आणि पोवाड्यांत जागा मिळाली. नुसतं तेल लावत राहिलेल्यांची नावं तेलाबरोबरच जिरून गेली.

चोळण्याच्याच बळावर नाव काढलेला एक इसम मात्र सापडतो, आणि त्यासाठी त्याला समुद्र ओलांडावा लागला. पाटण्याचा शेख दीन मुहम्मद, जन्म १७५९. हा कंपनीच्या फौजेबरोबर हिंडला, मग आयर्लंडला गेला, इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिलं, १८१० मध्ये लंडनात हिंदुस्थानी खाणावळ काढली. ती दोनेक वर्षांत दिवाळ्यात गेली. बँकेच्या भाषेत खातं बुडीत. पण हा गडी ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेला आणि वाफेची न्हाणी घालून त्याने गोऱ्या साहेबांना रगडायला सुरुवात केली. आपल्या 'चेपण्या'शी नातं सांगणारा हिंदी 'चांपना' त्याच्या दुकानावर 'शॅम्पू' होऊन झळकला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपला अधिकृत 'शॅम्पूइंग सर्जन' नेमलं. आज तोच शब्द बाटलीत बसून आपल्याकडे परत आला आहे. रगडणं मात्र वाटेतच कुठेतरी उतरलं, फेस तेवढा आला.

युरोपातही पुढे या विद्येला चांगले दिवस आले. स्वीडनच्या पेअर लिंगचं नाव मालिशीच्या एका संपूर्ण पद्धतीला चिकटलं आणि हॉलंडच्या योहान मेझगर या डॉक्टरने निरनिराळ्या हस्तक्रियांना शास्त्रीय घडी दिली. तिकडे चोळणाऱ्याने पांढरा कोट घातला आणि फी घेऊ लागला. आमच्याकडे तो चौपाटीवर बाटल्या किणकिणवत फिरत राहिला. 'प्यासा' चित्रपटात १९५७ मध्ये जॉनी वॉकरने त्याला पडद्यावर आणलं, रफीसाहेबांचा गळा मिळाला, सचिनदांची चाल मिळाली. सारा देश ते गाणं गुणगुणला. गाणाऱ्याच्या हातातल्या बाटलीवर प्रेम करून देशाने डोकं पुन्हा आपापल्या न्हाव्याच्या हाती दिलं.

आता कोणी विचारील, या रगडण्याने खरंच काही होतं का? की नुसतं मनाचं समाधान? २०१२ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी अकरा तरुणांना दमछाक होईस्तोवर सायकल मारायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालीश केली आणि दोन्ही पायांतल्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. दुसरा पाय बिचारा नुसता बघत राहिला. चोळलेल्या पायात दाह वाढवणारे संदेश कमी झालेले होते आणि पेशींना शक्ती पुरवणारी यंत्रणा वाढवणारे संदेश जास्त होते. लॅक्टिक ॲसिडात मात्र काही फरक नव्हता. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी असे नव्व्याण्णव अभ्यास एकत्र मांडले. बर्फाचं पाणी, घट्ट मोजे, हे, ते, अशा सगळ्या उपायांत दुखणं आणि थकवा कमी वाटायला मालीश सर्वांत सरस ठरली. मालिशीने ताकद वाढत नाही, दुसऱ्या दिवशी माणूस जास्त वेगाने धावत नाही. दुखणं थोडं हलकं होतं आणि पुन्हा उभं राहावंसं वाटतं, एवढंच. पण पुन्हा उभं राहावंसं वाटणं ही चीज काय किमतीची असते, ते खाशाबा जाधवांच्या गोष्टीत कळतं.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले, ते लोकांच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. तारण घराचं आणि परतफेड कांस्यपदकात, असं कर्जखातं मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण त्या दिवसाची हकिगत लिहिणारे एक गोष्ट आवर्जून सांगतात. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची लांबलेली, जीव काढणारी कुस्ती झाली. इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोवपुढे उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने उतरले आणि हरले.

सगळा खेळ त्या अर्ध्या तासाचा. त्यात कोणीतरी टॉवेल टाकला असता, पोटऱ्या चोळल्या असत्या, "ढिल्ला सोड" म्हटलं असतं, तर पदकाचा रंग बदलला असता की नाही, हे सांगायला मी वस्ताद नव्हे. पण कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत शेंबड्या पोराला जे मिळतं, ते त्या दिवशी परमुलखात देशाच्या पैलवानाला मिळालं नाही, एवढं कळायला कुस्ती यावी लागत नाही.

पुढे आपल्यालाही जाग आली. आता संघ निघाला की त्याच्याबरोबर फिजिओ निघतो, मालीश करणारा निघतो. २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबर रमेश माने होते. खेळाडू त्यांना माने काका म्हणत. एका मराठी मालीशवाल्याचं नाव, आडनाव आणि वर नातं, तिन्ही छापून आलं. सेना न्हाव्यांच्या वेळी त्यासाठी साक्षात पांडुरंगाला रजेच्या जागी कामावर यावं लागलं होतं, हे लक्षात घेता प्रगती वाईट नाही.

बाकी येणं मात्र अजून बरंच आहे. मिरकरवाड्याला जाळी ओढणारे आहेत, आषाढात दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बायका आहेत, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन घरोघर नाचवणारे आहेत. पालखी दारात आली की आपण ओवाळतो, नारळ देतो, देवीच्या मुखवट्याकडे पाहून हात जोडतो. पालखी पुढच्या घरी जाते. त्या रात्री कुठल्यातरी घरात चुलीवर खोबरेलाची वाटी कोमट होते, आणि बायको, नाहीतर भाऊ, नाहीतर म्हातारी आई विचारते, "खांदा खंयचा रे, डावा की उजवा?"